डिझेल गाडीतील छुपा ऐब आणि मालकाची भरपाई

आपल्या वऱ्हाडात डिझेल गाडी ही चैनीची वस्तू नाही. मोर्शीहून अमरावतीला माल भरायला जाणारा कापडवाला, वरूडच्या बाजूला संत्र्याच्या बागा पाहत फिरणारा व्यापारी, आठवडी बाजार करणारा कारागीर, लग्नाला भाड्याने गाडी देणारा चालक-मालक, या सर्वांनी डिझेल गाडी घेतली ती हिशेब करून. किलोमीटर जास्त, म्हणून डिझेल परवडते. अशा गाडीत कंपनीनेच दगा ठेवला होता असे पुढे उघडकीस आले, तर मालकाला काय मिळते आणि काय मागता येते? हा प्रश्न फक्त मुंबई-पुण्याच्या मोटारवाल्यांचा नाही. म्हणून या वेळी आम्ही कापडाचा भाव सोडून हा विषय घेतला आहे.

सुरुवात आपल्या ओळखीच्या गाडीपासून करू. शेव्हरोले टवेरा ही गाडी प्रवासी वाहतुकीत सगळ्यांनी पाहिली आहे. जुलै २०१३ मध्ये जनरल मोटर्स कंपनीने १ लाख १४ हजार टवेरा परत बोलावल्या. त्या २००५ ते २०१३ या काळात गुजरातेतील हलोल येथील कारखान्यात तयार झालेल्या होत्या. कंपनीने सरकारला स्वतःच कळविले की, तिच्या काही कर्मचाऱ्यांनी कमी धूर सोडणारी निवडक इंजिने बाजूला काढून ठेवली होती आणि तपासणीच्या वेळी तीच पुढे केली जात होती. कंपनीने बऱ्याच कर्मचाऱ्यांना काढून टाकले. सरकारने समिती नेमली, आणि समितीनेही ही फसवणूक असल्याचे म्हटले.

कापडाच्या धंद्यातील माणसाला हे समजावून सांगण्याची गरज नाही. नमुन्याचा ताका एक दाखवायचा आणि गाठीत दुसरा माल भरायचा, असा हा प्रकार. फरक इतकाच की गाठ सोडली की आपल्याला हाताने कळते. इंजिनातून निघणारा वायू हाताने कळत नाही आणि डोळ्यांनी दिसत नाही. टवेराच्या मालकाला मिळाली ती मोफत दुरुस्ती. गाडी किती दिवस वर्कशॉपमध्ये उभी राहिली, त्या दिवसांचे भाडे किती बुडाले, बाजारात गाडीचा भाव किती पडला, याचा हिशेब त्याच्याकडेच राहिला. २०१७ च्या अखेरीस कंपनीने भारतातील विक्रीच बंद केली.

दोन वर्षांनी जगभर गाजलेले फोक्सवॅगनचे प्रकरण बाहेर आले. १८ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने कंपनीला नोटीस दिली. इथली युक्ती टवेरापेक्षा हुशारीची होती. गाडीच्या संगणकात असा कार्यक्रम भरला होता की, गाडी तपासणीच्या यंत्रावर आहे की रस्त्यावर, हे तो ओळखत असे. चाके फिरत आहेत पण स्टिअरिंग हलत नाही, म्हणजे तपासणी चालू आहे. लगेच धूर रोखणारी यंत्रणा पुरी ताकदीने चालू. गाडी रस्त्यावर आली की यंत्रणा ढिली. जगभरात अशा सुमारे १ कोटी १० लाख गाड्या निघाल्या.

हे प्रकरण आपल्या महाराष्ट्राचेही आहे. फोक्सवॅगनचा कारखाना पुण्याजवळ चाकणला, त्याच समूहातील स्कोडाचा शेंद्र्याला, आणि भारतीय गाड्यांची तपासणी करणारी ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ही संस्थाही पुण्याचीच. या संस्थेने गाड्या रस्त्यावर चालवून पाहिल्या, तेव्हा नायट्रोजन ऑक्साइड हा वायू बीएस-४ च्या मर्यादेपेक्षा १.१ ते २.६ पट निघाला. डिसेंबर २०१५ मध्ये कंपनीने भारतातील ३ लाख २३ हजार ७०० गाड्या परत बोलावण्याचे जाहीर केले. त्यांत फोक्सवॅगनच्या १ लाख ९८ हजार ५००, स्कोडाच्या ८८ हजार ७०० आणि ऑडीच्या ३६ हजार ५०० गाड्या होत्या. गाडी आणा, संगणकाचा कार्यक्रम बदलून देतो, पैसे लागणार नाहीत, असे कंपनीचे म्हणणे. मात्र कंपनीने भारतात नियमभंग केल्याचे मान्य केले नाही. आमच्या गाड्या बीएस-४ च्या तपासणीत बसतात आणि ही दुरुस्ती आम्ही स्वखुशीने करतो, अशी तिची भूमिका राहिली. या भूमिकेला एक आधार होता. रस्त्यावर चालवून तपासणी करण्याची सक्तीच त्या वेळी आपल्या देशात नव्हती. ती बीएस-६ च्या दुसऱ्या टप्प्यात, एप्रिल २०२३ पासून आली.

पुढे प्रकरण राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापुढे गेले. नोव्हेंबर २०१८ मध्ये १०० कोटी रुपये जमा करण्याचा हुकूम झाला. तज्ज्ञ समितीने एकट्या दिल्लीतील आरोग्याचे नुकसान १७१ कोटी ३४ लाख रुपये धरले. ७ मार्च २०१९ रोजी न्यायाधिकरणाने ५०० कोटींचा दंड ठोठावला, आणि मे २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनीवर सक्तीची कारवाई करण्यास स्थगिती दिली. वर्तमानपत्रांतून ५०० कोटींचा आकडा वाचून पुष्कळांना वाटले की आता गाडीवाल्यांना काहीतरी मिळेल. तसे नव्हते. ही रक्कम हवेच्या नुकसानीची होती आणि ती प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे जमा व्हायची होती. दंड आणि भरपाई या दोन निराळ्या गोष्टी आहेत. दंड सरकार वसूल करते. भरपाई ज्याचे नुकसान झाले त्याने स्वतः मागावी लागते.

ज्या देशांत मालकांनी मागितली तिथे काय झाले ते पाहण्यासारखे आहे, कारण भरपाईचा हिशेब कसा मांडतात ते त्यातून कळते.

अमेरिकेत जून २०१६ मध्ये १४.७ अब्ज डॉलरपर्यंतची तडजोड झाली. दोन लिटर इंजिनाच्या सुमारे पावणेपाच लाख गाड्यांच्या मालकांपुढे दोन रस्ते ठेवले गेले. गाडी कंपनीला परत विका, आणि भाव प्रकरण उघडकीस येण्याच्या आधीचा धरला जाईल. किंवा मंजूर झालेली दुरुस्ती करून घेऊन गाडी ठेवा. दोन्ही रस्त्यांत वर रोख रक्कम, ५,१०० डॉलरपासून सुमारे १०,००० डॉलरपर्यंत. या तडजोडीतील मोलाची गोष्ट आमच्या मते रोख रकमेपेक्षा भावाची तारीख ही आहे. ऐब जाहीर झाल्यावर पडलेला भाव धरला असता तर दगा करणाऱ्यालाच स्वस्तात माल परत मिळाला असता.

जर्मनीत रस्ता लांबचा निघाला. फेब्रुवारी २०२० मध्ये तिथल्या ग्राहक संघटनांच्या महासंघाने कंपनीशी ८३ कोटी युरोची तडजोड केली. अडीच लाखांच्या आसपास मालकांना प्रत्येकी १,३५० ते ६,२५७ युरो मिळण्याचे ठरले आणि गाडी त्यांच्याकडेच राहिली. काही जण तडजोडीत न जाता स्वतंत्र लढले. २५ मे २०२० रोजी तिथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने अशा एका मालकाच्या बाजूने निकाल दिला. त्याने २०१४ मध्ये शरान ही गाडी ३१,४९० युरोला घेतली होती, आणि तीही जुनी, एका विक्रेत्याकडून. न्यायालयाने सांगितले की कंपनीने गाडी परत घ्यावी आणि किंमत द्यावी, पण जितके किलोमीटर गाडी चालली तितक्या वापराचे पैसे कापून. त्याच्या हाती २५,६१६ युरो आणि व्याज आले. सेकंडहँड गाडी घेणाऱ्यालाही थेट बनविणाऱ्या कंपनीकडून पैसे मिळाले, ही गोष्ट लक्षात घ्यावी.

वापराची ही वजावट आपल्या आकड्यांत मांडून पाहू. समजा गाडी ८ लाखांना घेतली आणि तिचे आयुष्य ३ लाख किलोमीटर धरले. मालकाने सव्वा लाख चालविली असेल तर सुमारे ३ लाख ३३ हजार कापले जातील आणि ४ लाख ६७ हजार हाती येतील. तीच गाडी बाजारात अडीच लाखांना जात असेल तर परत देण्यात सरळ फायदा आहे. पण पावणेतीन लाख किलोमीटर झाले असतील तर हाती ६७ हजारच येतात. त्यापेक्षा गाडी ठेवून रोख तडजोड घेणारा शहाणा. जर्मनीत असेही झाले की, एका मालकाची गाडी अडीच लाख किलोमीटरच्या वर चाललेली होती आणि न्यायालयाने त्याचा पुरा दावाच वापरात फिटला असे ठरविले. खटला वर्षानुवर्षे चालतो आणि गाडीही रोज चालत असते. तेव्हा जास्त धावणाऱ्या गाडीच्या मालकाचा दावा दर महिन्याला झिजत जातो. टॅक्सीवाल्याने आणि घरच्या गाडीवाल्याने एकच सल्ला घेऊ नये तो यासाठी. आणखी एक निकाल तिथे जुलै २०२० मध्ये झाला. ज्याने प्रकरण जाहीर झाल्यानंतर, २०१६ मध्ये गाडी घेतली, त्याला काहीच मिळाले नाही, कारण ऐब जगजाहीर झाल्यावर घेतलेल्या मालाबद्दल फसलो असे म्हणता येत नाही.

इंग्लंडमध्ये मे २०२२ मध्ये सुमारे ९१ हजार दावेदारांना १९ कोटी ३० लाख पौंड देऊन प्रकरण मिटले.

आपल्या वाचकांपैकी ज्यांनी फिकहची किताबे पाहिली आहेत त्यांना हे सर्व वाचताना ख़ियार-ए-ऐबचा बाब आठवला असेल. हनफी फिकहमध्ये विकत घेतलेल्या मालात जुना ऐब निघाला तर खरेदीदाराने माल परत करून पुरी किंमत घ्यावी किंवा पुऱ्या किंमतीत माल ठेवावा. माल ठेवून वर किंमत कमी करून मागता येत नाही. मात्र खरेदीदाराच्या हातात मालाला नवा ऐब लागल्याने तो परत करणे अशक्य झाले असेल, तर ऐबामुळे पडलेला फरक मागता येतो. ऐब कळल्यानंतरही माल आपला म्हणून वापरत राहिला तर तो राजी झाला असे धरतात. वापराच्या वजावटीबद्दल मात्र जर्मन न्यायालयाहून निराळा कायदा आहे. मालाची जोखीम ज्याच्यावर, त्याचा नफा त्याचा. म्हणून परत करण्याआधीच्या वापराचे मोल विक्रेत्याला देणे लागत नाही. आम्ही आलिम नाही. मसअला जाणत्यांकडूनच समजून घ्यावा. पण परत करणे, ठेवणे, फरक मागणे, आणि कळल्यावर उशीर न करणे, हे चारही मुद्दे आजच्या न्यायालयांतही जसेच्या तसे भेटतात, हे व्यापाऱ्याने पाहून ठेवावे.

आता आपल्या देशातील कायद्याकडे येऊ. मोर्शीच्या माणसासाठी दरवाजा अमरावतीच्या जिल्हा ग्राहक आयोगाचा. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ हा २० जुलै २०२० पासून लागू आहे आणि त्यात तक्रारदार जिथे राहतो किंवा रोजी कमावतो तिथे तक्रार करता येते. कंपनी पुण्याची म्हणून पुण्याला खेटे घालण्याची गरज नाही. गाडीसाठी भरलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगातच काम होते. फी ५ लाखांपर्यंत काही नाही, १० लाखांपर्यंत २०० रुपये, २० लाखांपर्यंत ४०० रुपये. मुद्दत दोन वर्षांची, तक्रारीचे कारण घडल्यापासून. उशिराला सबळ कारण असेल तर आयोग तो माफ करू शकतो, पण त्या भरवशावर बसू नये.

वकिलाकडे जाण्याआधी दोन खाचखळगे माहीत असावेत.

पहिला असा. नव्या कायद्यात उत्पादनाच्या जबाबदारीचे वेगळे प्रकरण आहे आणि ते पाहून लोक म्हणतात की आता कंपनीला सोडत नाही. पण त्या प्रकरणात ‘हानी’ या शब्दाची जी व्याख्या आहे, तिच्यातून खुद्द वस्तूचे नुकसान आणि निव्वळ आर्थिक नुकसान वगळलेले आहे. गाडीने कोणी जखमी झाला, कोणाचे घर जळाले, तर ते प्रकरण कामाचे. धुराच्या दग्यात मालकाचे नुकसान होते ते भाव पडल्याचे आणि ठरल्यापेक्षा हलका माल मिळाल्याचे. म्हणून तक्रार ‘मालातील दोष’ आणि ‘अनुचित व्यापारी प्रथा’ या दोन पायांवर उभी करावी. त्यावर आयोग दोष काढून देणे, माल बदलणे, किंमत परत करणे किंवा भरपाई देणे यांपैकी योग्य तो हुकूम करू शकतो.

दुसरा खळगा खास आपल्या लोकांसाठी. व्यापारी हेतूने घेतलेल्या मालाचा खरेदीदार कायद्याने ‘ग्राहक’ नाही. आपल्याकडे तर गाडी दुकानाच्या किंवा फर्मच्या नावावर घेण्याची पद्धत आहे, आणि समोरचा वकील सर्वांत आधी तेच बोट ठेवतो. यातून वाट आहे. स्वतःच्या हाताने कष्ट करून पोट भरण्यासाठीच वस्तू घेतली असेल तर तो व्यापारी हेतू नव्हे, असे कायद्यातच म्हटले आहे. एकच गाडी स्वतः चालवून रोजी कमावणारा चालक-मालक किंवा आपला माल स्वतः बाजाराला नेणारा कारागीर यात बसू शकतो. पाच गाड्या पगारी ड्रायव्हरांच्या हाती देणाऱ्याला मात्र हे जड जाईल. फर्मच्या नावाच्या गाडीबद्दल जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला आहे. एका कंपनीने मर्सिडीज गाडी आपल्या संचालकाच्या खाजगी वापरासाठी घेतली होती, आणि केवळ कंपनीच्या नावावर असल्यामुळे ती व्यापारी हेतूची ठरत नाही, असे न्यायालयाने मान्य केले. गाडी कोणाच्या नावावर आहे यापेक्षा ती कशासाठी वापरली, हे पाहिले जाते. तेव्हा वापर दाखविणारे कागद जवळ असावेत.

पीयूसीच्या कागदावर भिस्त ठेवू नये आणि तो पाहून घाबरूही नये. डिझेल गाडीच्या पीयूसीत धुराचा काळेपणा मोजतात, नायट्रोजन ऑक्साइड मोजत नाहीत. म्हणून ‘तुमची गाडी दरवर्षी पीयूसीत पास होते, मग दोष कसला?’ या सवालाला अर्थ नाही. खरी तपासणी प्रयोगशाळेतच होते. दोष तपासणीशिवाय ठरत नसेल तर आयोग वस्तू योग्य प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो, पण त्याचा खर्च आधी तक्रारदाराला भरावा लागू शकतो. एका गाडीसाठी हा खर्च अंगावर येतो. त्यासाठी कायद्यात सोय आहे की, एकाच प्रकारचे नुकसान झालेले अनेक ग्राहक आयोगाच्या परवानगीने सर्वांच्या वतीने एक तक्रार करू शकतात. जर्मनीत आणि इंग्लंडमध्ये पैसा निघाला तो हजारो माणसे एका यादीत आली म्हणून. आपल्याकडे तीन लाखांवर गाड्यांचे मालक विखुरलेले राहिले, याची आम्हाला खंत वाटते.

कंपनी दुरुस्तीला बोलावते तेव्हा जावे की नाही, हे पुष्कळ जण विचारतात. जावे. पण जाण्याआधी चार-सहा टाक्यांचा ऍव्हरेज वहीत लिहून काढावा, किलोमीटरच्या आकड्याचा फोटो घ्यावा, आणि परत आल्यावर तितक्याच टाक्यांचा ऍव्हरेज पुन्हा लिहावा. दुरुस्तीनंतर गाडी पूर्वीसारखी चालत नाही, अशा तक्रारी युरोपातही झाल्या. जॉबकार्डाची प्रत मागून घ्यावी. त्यावर ‘दुरुस्ती समाधानकारक, तक्रार नाही’ असे छापलेले असेल तर सही करताना आपल्या हाताने ‘हक राखून’ असे लिहावे. रोख रक्कम देऊ केली असेल तर ज्या कागदावर सही मागतात तो घरी आणून, जाणत्याकडून वाचून घेऊनच सही करावी. त्यात बहुधा पुढील सर्व मागण्या सोडल्याचे कलम असते. इंग्रजी वाचता येत नाही, हे नंतर सांगून उपयोग होत नाही.

पुढच्या काळासाठी मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम ११०-अ आले आहे, आणि त्याचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले. टवेराच्या वेळी हे नव्हते. पर्यावरणाला किंवा माणसांना धोका होईल असा दोष एखाद्या प्रकारच्या गाडीत असेल तर केंद्र सरकार ती गाडी परत बोलावण्याचा हुकूम देऊ शकते, आणि मग कंपनीने खरेदीदाराला गाडीची पुरी किंमत द्यावी, किंवा तशीच अथवा त्याहून चांगली गाडी द्यावी, किंवा दुरुस्त करून द्यावी. गाडी कर्जावर असेल तर कर्ज देणाऱ्याचा हक आधी. तिन्हींपैकी कंपनी स्वस्तातला रस्ता, म्हणजे दुरुस्ती, धरणार हे उघड आहे. तेव्हा भाव पडल्याच्या नुकसानीसाठी ग्राहक आयोगाची वाट राहतेच. सरकारकडे तक्रार त्या गाडीच्या मालकांनी करायची असते आणि विकलेल्या गाड्यांच्या प्रमाणात ठराविक संख्येने तक्रारी आल्या तरच सक्तीची कारवाई पुढे सरकते. गाडी बनून सात वर्षे झाली असतील तर हा नियम लागत नाही. म्हणून जुनी डिझेल गाडी घेणाऱ्याने आर. सी. बुकावर घेतल्याचे साल नव्हे, बनल्याचा महिना आणि साल पाहावे, आणि विकणाऱ्याकडून मूळ बिल व सर्व्हिसची वही मागून घ्यावी. तक्रार करण्याआधी कंपनीला आणि विक्रेत्याला दोघांना स्पीड पोस्टाने पत्र पाठवावे, पोचपावती फाइलला लावावी, आणि पत्रात आपल्याला गाडी परत करायची आहे की ठेवून फरक घ्यायचा आहे, हे स्पष्ट लिहावे.